पाकिटातली चाल

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला फसवलं. पाकिटात बंद केलेली माझी बुद्धिबळाची चाल त्याने श्रीरंग वर्तकला आधीच सांगितली, श्रीरंग तिचं उत्तर घोटून आला, आणि जी नोकरी माझी होती ती तो घेऊन गेला. माझं यात काय चुकलं तेही मी पुढे लिहिणार आहे, लपवणाऱ्यातला मी नाही. पण आमच्या नात्यातली माणसं या प्रसंगाबद्दल बोलताना 'दोघा भावांचं काहीतरी बिनसलं' असं म्हणतात, आणि ते ऐकून माझं डोकं आजही सटकतं. काही बिनसलं नव्हतं. फसवलं होतं.

आम्ही अंधेरी पूर्वेला, विमानं उतरायच्या वाटेखाली राहत होतो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. विमान डोक्यावर आलं की बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचा आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचा. पाहुण्यांना याची गंमत वाटे, आम्हाला सवय होती. बाबांची शिवीसुद्धा अशी मध्ये थांबून पुरी व्हायची. बाबा गिरणीतून सुटून घरी बसले होते. येताना त्यांनी यंत्राच्या चामडी पट्ट्याचा हातभर तुकडा आणला होता, तो खिळ्याला टांगलेला असे. तो खिळ्यावरून निघाला की पडवीतली कोंबडीसुद्धा बाजूला व्हायची. मी धाकटा असून मार जास्त खायचो, कारण मी उलट बोलायचो. दादा गप्प उभा राहून खायचा. बाबांना गप्प माणसाला मारायचा कंटाळा येई, म्हणून तो लवकर सुटायचा. हे त्याचं शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

बुद्धिबळ मला दादानेच शिकवलं. त्याचं नाव अनंत, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. गावच्या देवळात म्हातारे खेळत तिथे तो शिकला होता. त्याचा खेळ सावकाश, भिंत बांधल्यासारखा. माझा मारामारीचा. समोर राजा दिसला की मला दुसरं काही दिसत नसे. घोडा द्यायचा, उंट द्यायचा, दार फोडून आत घुसायचं. दादा म्हणायचा, "अरे, आधी आपलं घर बघ ना. पाठीमागे सगळं उघडं टाकून कुठे पळतोयस?" मी म्हणायचो, "तो मेल्यावर माझं घर कोण लुटणार?" तो हसायचा आणि सोळाव्या-सतराव्या चालीला माझा हत्ती उचलून न्यायचा. वर्षभर मी त्याच्याकडून हरलो. मग एका रविवारी मी त्याला मात दिली, आणि त्यानंतर तो मला पुन्हा कधी हरवू शकला नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. आईला हाक मारून म्हणाला, "आये, बघ, ह्यो आता माझ्या हातात रवणार नाय."

बाबांनी एकदा पट उचलून गटारात फेकला. दोन्ही वजीर सापडले, पण अकरा प्यादी वाहून गेली. आम्ही दोघं तेव्हा एकाच कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होतो. प्रेसमधून निघालेल्या भंगारातले पितळी वायसर मी जमवले, चार-चार एकावर एक ठेवून डाग दिला आणि प्यादी केली. लाकडी सैन्यात ती पितळी प्यादी जड होती, पटावर ठेवली की ठक्क आवाज यायचा. रविवारी आई बांगडे तळायला बसली की तिला जागा हवी असे. "रे, ता लाकडाचा रान उचल हयसून, माका भाकऱ्यो थापूक जागा नाय." डाव अर्ध्यावर असला तर आम्ही उचलायचो नाही. मग ती चिडून पटावर कोंबडी झाकायचं डालगं उपडं घालायची आणि त्यावर ताट ठेवायची. "जेवक या आधी मेल्यांनो, मगे मारा त्या राजाक." सोलकढीच्या वाट्या हातात घेऊन आम्ही डालग्याकडे बघत जेवायचो. आत काय चाललंय ते दोघांनाही पाठ असायचं.

कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक लांबट गाळा. आठ प्रेस. दिव्यांच्या फिटिंगचे पत्रे कापायचे. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल मारायचं, की वरून रॅमचा ठोकळा, धाड्. पुन्हा पत्रा, हात, पाय, धाड्. आठ प्रेस मिळून असा आवाज करत की आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलायचो. दिवसाला तीन-साडेतीन हजार ठोके. मी त्या ठोक्यांवर डाव चालवायचो. फुटपाथवरून घेतलेलं एक रशियन छपाईचं पुस्तक माझ्याकडे होतं. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण चालींना भाषा लागत नाही. सकाळी पेज पिता पिता एक डाव वाचायचा आणि दिवसभर ठोक्याला एक चाल याप्रमाणे तो डोक्यात खेळायचा. शेजारच्या प्रेसवरचा यादव मला बघून ओरडायचा, "अरे, हाथ देख, हाथ! घोडा बाद में चला!" आज माझ्या चारकोपच्या कारखान्यात कोणी प्रेसवर गाणं गुणगुणताना दिसला तरी मी मशीन बंद करायला लावतो. माझ्या माणसांना वाटतं, शेठ खडूस आहे. असू दे.

बसायला जागा आणि खेळायला चांगली माणसं पाहिजेत, म्हणून मी पश्चिमेच्या एका वाचनालयात गेलो. वरच्या हॉलमध्ये शनिवारी-रविवारी बुद्धिबळाचा क्लब भरे. दांडेकर मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक तो चालवत. माझ्या तेलकट पँटकडे बघून ते म्हणाले, "सभासद सध्या घेत नाही." मी भिंतीजवळच्या कपाटाकडे बघितलं. डावाची वेळ मोजायची, लाकडी पेटीतली, दोन तबकड्यांची घड्याळं होती, त्यातली निम्मी बंद. मी म्हणालो, "ही सगळी चालू करून देतो. पुढेही बघेन. मला बसू द्या." मास्तर म्हणाले, "एक चालू करून दाखव." मी म्हणालो, "एक दाखवतो, पण आधी एक डाव." त्यांनी डाव दिला. मी हरलो, पण चाळीस चाली टिकलो, आणि त्याच संध्याकाळी एक घड्याळ चालू केलं. मला त्या हॉलमध्ये कोणी बोलावलं नव्हतं, मी सौदा करून आत गेलो होतो. आयुष्यात पुढे जे मिळवलं ते असंच मिळवलं.

अडचण शनिवारची होती. स्पर्धेचे डाव शनिवारी दुपारी सुरू होत आणि कारखाना शनिवारी पूर्ण दिवस. सुट्टी मागितली तर आमचे मॅनेजर वर्तक साहेब म्हणत, "राजे-महाराजे झालात का रे? प्रेस कोण चालवणार?" मग मी दादाशी सौदा केला. शनिवारी दुपारनंतर त्याने त्याची पाच नंबरची आणि माझी सहा नंबरची, अशा दोन्ही प्रेस आलटून पालटून चालवायच्या. त्याबदल्यात रोज पहाटे नळावरचं त्याच्या वाटणीचं पाणी मी भरायचं, आणि बाबांचा पट्टा निघाला तर मी पुढे व्हायचं. दादा म्हणाला, "पाण्याचं ठीक आहे. पट्ट्याचं राहू दे, तू उलट मारशील त्यांना." पण केला सौदा. दोन वर्षं तो पाळला त्याने, एक शनिवार चुकवला नाही.

सहा नंबरची प्रेस डबल मारायची. म्हणजे पेडल एकदा मारलं तरी कधी कधी ती दुसऱ्यांदा आपोआप खाली यायची, कारण तिच्या क्लचची की, म्हणजे खिट्टी, झिजली होती. मला तिची सवय होती. ठोक्यानंतर मी एक श्वास थांबायचो, मगच हात घालायचो. वर्तक साहेबांना मी दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "हात सांभाळून काम करा, नाचू नका." दादाला तो एक श्वास थांबायची सवय नव्हती, कारण त्याला दोन प्रेस पळवायच्या होत्या.

त्या शनिवारी मी एका बँकवाल्याला सव्वीस चालींत मात दिली होती. घोडा दिला, हत्ती दिला, राजा मधोमध ओढून आणला आणि मारला. चालत घरी आलो ते हवेतच. पडवीत आई एकटी बसली होती आणि तिच्या पदराला रक्त लागलेलं होतं. दादाच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली होती. इस्पितळात गेलो तर त्याचा हात फडक्यात गुंडाळून वर टांगलेला. मला बघून तो म्हणाला, "काय झालं? जिंकलास?"

मी म्हणालो, "जिंकलो."

"मग ठीक," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

हे मी मुद्दाम लिहिलं. पुढे जे घडलं त्याची फेड यातून होते असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. मला तसं वाटत नाही. ती बोटं माझ्या प्रेसवर गेली हे मला मान्य आहे, आणि त्या दिवसापासून मी त्याचं ऋण मानत आलो. पण माझ्यावर ऋण आहे म्हणून मला फसवायचा परवाना त्याला मिळतो का?

दीड महिन्याने त्याला परत त्याच गाळ्यात, त्याच पाच नंबरवर बसवलं. तेव्हापासून तो बदलला. सकाळी पेज पोटात ठरायची नाही, दाराबाहेर जाऊन ओकून यायचा आणि कामाला निघायचा. प्रेसवर बसला की मानेच्या शिरा ताठ. मी म्हणायचो, "मला नोकरी लागली की तुलाही बाहेर काढतो." तो म्हणायचा, "तू आधी स्वतः सुट."

ती नोकरी खरी होती. एका मोठ्या सरकारी कंपनीला आपल्या बुद्धिबळ संघासाठी एक खेळाडू हवा होता. खेळाडूंच्या कोट्यातून कारकुनाची कायम जागा, दुपारनंतर सराव. त्यांचे क्रीडा अधिकारी दांडेकर मास्तरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी सांगून ठेवलं होतं की, या वर्षीची उपनगरातली स्पर्धा जो जिंकेल त्याचं नाव ते पुढे पाठवतील. शेवटच्या फेरीत मी आणि श्रीरंग समोरासमोर आलो. श्रीरंग वर्तक, आमच्या मॅनेजरचा पुतण्या. गोरा, चष्मा, कॉलेजात शिकणारा, अक्षर छापल्यासारखं. माणूस वाईट नव्हता. डाव संपला की हरलेल्याला चहा पाजायचा. त्याला बरोबरी पुरत होती, मला जिंकायलाच हवं होतं.

मी काय खेळलो ते मला आजही चालीचालीने आठवतं. बाविसाव्या चालीला मी त्याच्या राजापुढची तटबंदी फोडली, त्याने ती कशीबशी बुजवली. चार तास संपले तेव्हा दोघांकडे एकेक हत्ती आणि माझ्याकडे एक प्यादं जास्त, अशी स्थिती होती. चाल माझी होती. त्या काळात वेळ संपली की डाव तहकूब करत. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न खेळता कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, पाकिटावर दोघांनी सह्या करायच्या आणि ते पंचांकडे ठेवायचं. पुढच्या रविवारी पाकीट फोडून डाव पुढे. मोठ्या स्पर्धांत दोघांच्या चाली लिहिलेले कागदही त्याच पाकिटात जात. आमच्याकडे फक्त चालीची चिठ्ठी जायची आणि डावाचा कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा. पाकिटातली चाल ही माझ्या हातातली खरी आघाडी होती. समोरच्याला ती माहीत नसते, त्याला दहा शक्यतांची तयारी करावी लागते. हॉलमधला प्रत्येक जण म्हणत होता की मी हत्तीने शह देणार. मी लिहिलं, राजा एक घर मागे. साधी, मुकी चाल. मारामारी करणारा माणूस ती खेळेल असं कोणाच्या डोक्यात येणार नाही. खरं तर ती दादाच्या जातीची चाल होती.

घरी येऊन मी स्थिती पटावर मांडली आणि दादाला चाल सांगितली. चूक केली म्हणा. पण कोणाला सांगणार? पाकिटात काय आहे ते सांगितल्याशिवाय अभ्यास होत नाही, आणि अभ्यासाला दुसरं डोकं लागतं. आठवडाभर डालगं पटावर होतं. कामावरून आलो की उचलायचं, हत्ती इकडे, हत्ती तिकडे. चौथ्या दिवशी दादाला उत्तर सापडलं. वरून विमान गेलं, मग तो म्हणाला, "बघ. त्याने हत्ती पार मागे नेला आणि हे स्वतःचं प्यादं सोडून दिलं, तर तू जिंकत नाहीस. बरोबरी." मी तासभर डोकं आपटलं. बरोबर होतं. या एका उत्तरावर माझा विजय अडत होता. बाकी कुठल्याही चालीला श्रीरंग मेला असता. मी म्हणालो, "त्याला नाही सापडणार. प्यादं सोडायचं त्याच्या रक्तात नाही. आणि त्याला ठाऊकच नाही मी काय लिहिलंय." दादा म्हणाला, "हां. ठाऊक असलं तरच."

रविवारी हॉल भरलेला होता. क्रीडा अधिकारी स्वतः खुर्ची ओढून बसले होते. दांडेकर मास्तरांनी कात्रीने पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली, माझा राजा एक घर मागे ठेवला आणि श्रीरंगचं घड्याळ सुरू केलं. हॉलमध्ये कुजबूज झाली, कोणालाच अपेक्षा नव्हती. श्रीरंग मात्र पटाकडे बघतही नव्हता. त्याने हत्ती पार मागे नेला, प्यादं सोडून. घड्याळाचा काटा हललासुद्धा नाही.

मग मी त्याच्या कागदाकडे बघितलं. समोरच्याचा कागद उलटा वाचायची मला सवय होती. त्याने सगळा डाव नव्या कागदावर सुंदर अक्षरात उतरवून आणला होता. आणि माझ्या रकान्यात, सगळ्यात खाली, माझी पाकिटातली चाल लिहिलेली होती. पाकीट आत्ता फुटलं होतं. त्याचं पेन अजून खिशात, टोपण लावलेलं. ती चाल इतकी घोटली होती की नीटनेटक्या माणसाने घरी कागद उतरवताना तीही उतरवून टाकली होती.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? हात वर केला असता, पंचांना बोलावलं असतं, कागदावर बोट ठेवलं असतं. एका बोटाचं काम होतं. नोकरी माझी होती, त्याच क्षणी. मी उठलो आणि कागदावर झडप घातली. त्यानेही धरला. कागद टर्रकन फाटला. मी डाव्या हाताने त्याची कॉलर पकडली, उजव्या हाताला घड्याळ लागलं, ते उचलून मी त्याच्या तोंडावर हाणलं. चष्मा फुटला, भुवई फाटली, रक्त पटावर पडलं. तो खुर्चीसकट मागे गेला तर मी त्याच्यावर. "कोणी सांगितली? कोणी सांगितली तुला?" एवढंच मी ओरडत होतो आणि मारत होतो. चौघांनी मला ओढलं. त्यातल्या एकाच्या पोटात मी लाथ घातली. कोणीतरी माझा हात पिरगळून पाठीशी नेला तेव्हा खांद्यात कट्ट वाजलं.

"पुरावा काय?" दांडेकर मास्तर म्हणाले. "अरे जनावरा, पुरावा काय?"

माझ्या मुठीत अर्धा कागद होता. मी तो उघडला. त्यावर आमची दोघांची नावं आणि पहिल्या वीस चाली होत्या. खालचा अर्धा कुठे गेला? जमिनीवर बुटांखाली लगदा झालेले तुकडे होते. मी गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होतो आणि माणसं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होती. डाव माझ्या विरोधात दिला. उपनगरातल्या कुठल्याही स्पर्धेत मला पुन्हा बसवायचं नाही असं त्याच संध्याकाळी ठरलं. क्रीडा अधिकारी जिना उतरताना म्हणाले, "असल्या माणसाला ऑफिसात कसं बसवणार?"

घरी गेलो. आईने शर्ट बघितला. "कोणाचा रगात ह्या?"

"तुझ्या थोरल्याला विचार," मी म्हणालो. "कुठे आहे तो?"

तो घरी आलाच नाही. मला तेवढं पुरलं. चाल दोनच माणसांना ठाऊक होती.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गाळ्यात गेलो. दादा माझ्याही आधी येऊन पाच नंबरजवळ उभा होता, कालच्याच कपड्यांत. प्रेसची जड चाकं, फ्लायव्हील, नुकतीच फिरू लागलेली. मी काही विचारलं नाही. त्याचा उजवा हात, चांगला, पाचही बोटं असलेला, मनगटात धरला, त्याला फरफटत सहा नंबरवर आणलं आणि तळहात डायवर दाबून ठेवला. दुखऱ्या खांद्याने त्याच्यावर रेललो. उजवा पाय पेडलवर.

"तू सांगितलंस?"

"सांगितली."

"कोणाला? काकाला की पुतण्याला?"

तो गप्प. बाबांच्या पट्ट्यापुढे उभा राहायचा तसा गप्प. त्याचा हात माझ्या हाताखाली गार पडला होता, पण तो काढून घेत नव्हता. मला त्याने ढकललं असतं तर मी पडलो असतो, तो माझ्यापेक्षा ताकदवान होता.

"का सांगितलीस? बोल! मी तुला बाहेर काढणार होतो ना?"

"तू सुटणार होतास," तो म्हणाला. "मी इथेच मरणार होतो. बस्स झालं. दाब."

"दादा, बोल नीट."

"दाब ना, भडव्या! एक काय, सगळी घे. दाब!"

यादव कधी आला ते मला कळलं नाही. "छोड! पागल हो गया क्या!" हे ऐकू आलं आणि माझ्या मानेवर लोखंडी पाना बसला. त्याच वेळी त्याने दादाला पाठीमागे खेचलं. माझ्या पायाचा भार पेडलवर गेला. की मीच पाय दाबला? मला आजही ठाऊक नाही. पाच इंचांवरून रॅम खाली आला आणि रिकाम्या डायवर बसला. धाड्. आणि लगेच दुसऱ्यांदा, आपोआप, धाड्. दादा जमिनीवर बसला होता आणि स्वतःच्या हाताकडे बघत होता. पाची बोटं होती. मग तो लहान पोरासारखा रडायला लागला. आठ प्रेसचा आवाज सुरू व्हायच्या आत त्या गाळ्यात एवढा एकच आवाज होता.

मला त्याच दिवशी काढलं. पुढच्या आठवड्यात दादाला प्रेसवरून उठवून स्टोअरमध्ये टेबलावर बसवलं. म्हणजे त्याचा मोबदला ठरलेला होता. मी एका ओळखीच्या गाळ्याच्या कोपऱ्यात हातप्रेस लावली, मग दोन, मग स्वतःची जागा. घासाघीस करून, शिव्या देऊन, शिव्या खाऊन उभा राहिलो. दादाशी बोललो नाही. आई गेली तेव्हा तिला खांदा देताना तो उजवीकडे होता आणि मी डावीकडे. स्मशानातून परतताना तो काहीतरी बोलायला जवळ आला, मी दुसऱ्या रिक्षात बसलो. आता तो दहिसरला लेकीकडे राहतो. दर रविवारी नदीकडच्या बागेत म्हाताऱ्यांशी बुद्धिबळ खेळतो, असं पुतणी सांगते. सावकाश, भिंत बांधत.

श्रीरंगने त्या कंपनीत पस्तीस वर्षं काढली आणि वरच्या जागेवरून निवृत्त झाला. मध्यंतरी बोरिवलीला त्याचा सत्कार होता, मी गेलो. भुवईवर खूण आहे अजून. मी समोर उभा राहिलो, नाव सांगितलं. त्याने क्षणभर पाहिलं, ओळखलं, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अहो, किती जुनी गोष्ट! खेळ होता तो. सोडून द्या." आणि मागच्या माणसाकडून पुष्पगुच्छ घ्यायला वळला. यावेळी मी हात उचलला नाही. वय झालं. घरी येऊन हे लिहायला बसलो.

खेळाचं मी केव्हाच सोडून दिलं आहे, श्रीरंग वर्तक. तुमची ती नोकरीही मला नको होती असं आज म्हणू शकतो, मी तिच्याहून जास्त मिळवलं. पण एक गोष्ट मला दादाने सांगितली नाही, ना डायवर हात असताना, ना नंतर. तो आपण होऊन तुमच्या घरी आला आणि चाल विकून गेला का? की तुमच्या काकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दोन बोटं नसलेला हात समोर धरायला लावला, आणि चाल सांग नाहीतर उद्यापासून सहा नंबरवर बस, असं सांगितलं? पहिलं खरं असेल तर मी एवढी वर्षं बरोबर होतो. दुसरं खरं असेल तर मी चुकीच्या माणसाचा हात डायवर धरला, आणि त्याच्याशी न बोललेलं एकेक वर्ष तुमच्या खात्यात जातं. काका आता नाहीत. दादा सांगणार नाही. राहिलात तुम्ही. श्रीरंग वर्तक, तुम्ही शिकलेले आहात, अक्षर सुंदर आहे, मोठ्या गोष्टी नका लिहू. तो आला होता, की त्याला बोलावलं होतं? एका ओळीत लिहून पाठवा, आणि खाली सही करा.